अंधाऱ्या जागांची मोजदाद

सह्याद्रीचा काळा पाषाण पाण्यात विरघळत नाही. चुनखडीच्या मुलखात पावसाचं पाणी झिरपता झिरपता डोंगर आतून पोखरतं. छताला दगडी सुळके लोंबू लागतात, खाली थेंबाथेंबानं खांब उभे राहतात. आपल्याकडे तसं होत नाही. इथं मोठा अंधार हवा असेल तर तो खोदावा लागतो, नाहीतर बांधावा लागतो. दोन हजार वर्षं माणसांनी तेच केलं. लेणी, गाभारे, विहिरी, तळघरं, बोगदे. माणसाचं काम संपलं, की त्या जागांत वटवाघळं मुक्कामाला आली.

कल्याण सोडून कर्जतकडे निघालं, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी अशी स्टेशनं लागतात. या पट्ट्यातल्या आणि त्याच्या आसपासच्या अंधाऱ्या जागांची ही नोंद. नियम दोनच ठेवले आहेत. भर दुपारी जिथं नजर बसायला वेळ लागे, ती जागा घ्यायची. आणि तिथं माणसाखेरीज आणखी कुणाची तरी वस्ती असावी किंवा असू शकावी. काही नोंदी या नियमांत पुरत्या बसत नाहीत, पण त्यांच्याशिवाय बाकीच्या समजत नाहीत.

१. मंडप

अंबरनाथचं शिवमंदिर, वालधुनीच्या काठी. शिलालेखात शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. उत्तर कोकणच्या शिलाहारांचं काम. छित्तराजाच्या वेळी सुरू झालं आणि मुम्मुणीच्या वेळी पुरं झालं, असं मानतात.

बहुतेक देवळांत मंडपात उजेड असतो आणि गाभाऱ्यात काळोख. इथं उलट आहे. गाभारा मंडपाच्या पातळीपेक्षा बराच खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. पण त्याच्या डोक्यावर शिखर उरलेलं नाही, त्यामुळे आभाळ थेट पिंडीवर येतं. अंधार आहे तो मंडपात. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम उन्हात बघून आत पाऊल टाकलं, की खांब आधी हाताला लागतात, मग डोळ्यांना दिसतात. छतावरची नक्षी त्याहून उशिरा.

आता दिवे आहेत. महाशिवरात्रीला परिसर रात्रभर लखलखतो. देवळाभोवतीच्या सुशोभीकरणाचं कामही निघालं आहे. नक्षी कुणालाही मान वर करताच दिसावी, हा फायदाच म्हणायचा. समईच्या उजेडात थोडी थोडी दिसेल या हिशेबानं ती कोरली होती, एवढं नोंदीत राहावं.

२. चंदेरीची गुहा

बदलापूर ते वांगणी या टप्प्यात लोकलच्या खिडकीतून एक उघडा सुळका दिसतो. तो चंदेरी. किल्ला म्हणावा असं बांधकाम फारसं उरलेलं नाही. सुळक्याच्या पोटाशी गुहा आहे आणि ट्रेकर मंडळी तिथं रात्र काढतात.

गुहेत चूल पेटली, की धूर छताला चिकटतो. वटवाघळाला दिवसा झोप लागते आणि ते झोपतं छतालाच. धूर, टॉर्च, गाणी, आरोळ्या. अशा चार रात्री लागोपाठ आल्या, की ते जागा बदलतं. भिंतीवर रंगानं लिहिलेली नावं मात्र जागा बदलत नाहीत. पाणी सांभाळून वापरणारे, कचरा पाठपिशवीतून खाली आणणारे ट्रेकर पुष्कळ आहेत. छताकडे न बघता झोपणारे त्याहून पुष्कळ.

३. कोंडाण्याची लेणी

कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची बौद्ध लेणी. चैत्यगृहाचं तोंड लाकडी बांधणीची हुबेहूब नक्कल करतं. शेजारी ब्राह्मी अक्षरांत नोंद आहे की कान्हाचा शिष्य बालक यानं हे केलं. त्या काळच्या कारागिराचं नाव असं क्वचितच हाती लागतं.

विहाराच्या कोठड्या म्हणजे एका माणसापुरता अंधार. भिक्षू गेल्यावर असल्या कोठड्या रिकाम्या राहिल्या नाहीत. मोठ्या कानांचं, बेडूक-उंदीर-पाली खाणारं वटवाघूळ अशा लेण्यांत आणि जुन्या देवळांत राहतं. काळोखात पाचोळा सळसळला तरी शिकार कुठं आहे ते त्याला कळतं. फळं खाणाऱ्यांत एक तपकिरी जात गुहांत, बोगद्यांत आणि विहिरींत वस्ती करते. झाडांवर राहणाऱ्या फळखाऊ वटवाघळांची भिस्त डोळ्यांवर आणि नाकावर. ही जात मात्र जिभेनं टकटक करते आणि परत येणाऱ्या आवाजावरून वाट काढते. झाडावर त्याची गरज नसते. गुहेत असते.

कौतुकाबरोबर एक वजावटही लिहायला हवी. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यात शिरला, त्याआधी कित्येक शतकं तिथं वटवाघळांची वस्ती होती. त्यांच्या विष्ठेनं चित्रांचं नुकसान झालं. चित्रांच्या लेण्यातून त्यांना हुसकावणं भाग होतं. ज्या लेण्यात चित्रं नाहीत, तिथून हुसकावण्याचं तेवढं सबळ कारण सापडत नाही.

४. बोगदे

कल्याण-पळसदरी-खोपोली रेल्वे १८५६ साली सुरू झाली. पुढे बोरघाट. चढ कमालीचा तीव्र, म्हणजे ३७ फुटांना एक फूट. १८६३ साली घाट खुला झाला तेव्हा त्यात २५ बोगदे होते. ऐन भरात ४२ हजारांवर मजूर कामावर होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथं आला आणि थोड्याच दिवसांत आजारानं वारला. उरलेलं काम त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट आपल्याकडे घेऊन पुरं करवून घेतलं. पटकीनं आणि सुरुंगानं मेलेल्या मजुरांची नावं कुठल्याही बोगद्यावर नाहीत.

घाटात गाडीनं दिशा बदलण्याचं जे रिव्हर्सिंग स्टेशन होतं, ते १९२९ साली बंद झालं. मार्ग वळवला आणि जुना तुकडा सोडून दिला. रेल्वेनं बोगदा सोडणं म्हणजे वटवाघळांसाठी लेणं खोदून ठेवणं. तिथं हवा स्थिर, ओल कायम आणि माणूस नाही. रुळावरचा अंधार असा दोनदा कामाला आला.

५. दगडातली पोकळी

हीच काय ती इथली खरी भूगर्भातली शोभा, आणि ती माणसानं केलेली नाही.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरला. त्यात वायूचे बुडबुडे अडकले. लाव्हा निवाला, बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. काही वाटाण्याएवढ्या, काहींत माणूस वाकून शिरेल एवढ्या. मग खनिजं विरघळलेलं कोमट पाणी त्यांत झिरपत राहिलं आणि भिंतींवर स्फटिक धरले. स्टिल्बाइटचे पिसाऱ्यासारखे गुच्छ, स्कोलेसाइटच्या सुया, अपोफिलाइटचे काचेसारखे पासे, गारगोटी. बोरघाटाच्या खोदकामात असे नमुने निघाले आणि युरोपच्या संग्रहालयांत गेले. दख्खनचे झिओलाइट जगभरचे संग्राहक ओळखतात. नाशिकजवळ सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालयच आहे.

आमच्या पट्ट्यात दगडखाणी आहेत आणि क्रशर आहेत. सुरुंग उडतो, कडा ढासळतो आणि एखादी पोकळी साडेसहा कोटी वर्षांत पहिल्यांदा ऊन बघते. घण मारणाऱ्याला ती चमक दिसते. जमलं तर तो एक तुकडा बाजूला ठेवतो, मूल खेळेल म्हणून. बाकीचं डंपरमध्ये भरून क्रशरला जातं आणि तिथून खडी होऊन इमारतीच्या स्लॅबमध्ये. मुंबईला जाणाऱ्या-येणाऱ्या लाखो माणसांच्या पायाखाली नि डोक्यावर किती स्फटिक आहेत, याचा हिशेब नाही.

डोंगरावर उरते ती खाण. तिच्यात पाणी साठतं. ती खोल असते, पण अंधारी नसते, म्हणून या यादीत तिला जागा नाही.

६. बराकीचं छप्पर

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. युद्ध संपलं, देशाची फाळणी झाली आणि सिंधहून आलेल्या निर्वासितांना या रिकाम्या बराकी मिळाल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ‘उल्हासनगर’ झालं. एक ते पाच नंबरचे कॅम्प आजही त्याच नंबरांनी ओळखले जातात.

माणसं आली ती कोरड्या मुलखातून. काही घरं तर थरच्या वाळवंटाच्या कडेची. सिंधमधल्या हैदराबादेत घरांच्या छपरावर वारा पकडून खोलीत सोडणारे मंघ असत, कारण तिथं पाऊस नावापुरता आणि उकाडा फार. इथं चार महिने धोधो पाऊस. लांबलचक बराक, मधे गोणपाटाचे पडदे टाकून पाडलेल्या खोल्या, वर उतरतं छप्पर. छपराखाली आढ्याशी दिवसासुद्धा काळोख. त्या काळोखात बोटाच्या पेराएवढी वटवाघळं. कोकणात त्यांना पाकोळ्या म्हणतात. अंग जेमतेम चार सेंटीमीटर. कौलाच्या फटीतून दिवेलागणीला एकेक करून बाहेर पडायच्या, डास टिपायच्या.

छावणी लष्कराची, माणसं सिंधची, पाकोळ्या इथल्या. तिघांनीही छप्पर परस्परांना न विचारता वाटून घेतलं.

बराकींच्या जागी आता सहा-सात मजली इमारती आहेत. पत्त्यात बराकीचा नंबर टिकला आहे. डिलिव्हरी देणारा मुलगा फोन करून विचारतो, “भाऊ, बॅरक नंबर सांगितलात, पण बिल्डिंग कुठली?”

७. माळा

जुन्या घराचा माळा. त्यावर तांब्याचा बंब, मोडका पाळणा, गणपतीच्या मखराचे बांबू, जुन्या पंचांगांचा गठ्ठा. फ्लॅटमध्ये त्याचा लॉफ्ट झाला. लॉफ्टला सरकती दारं आली. आता फॉल्स सीलिंग. त्यात दिवे बसवलेले असतात.

८. विहीर

गावठाणात आणि जुन्या वाड्यांत विहिरी होत्या. बांधीव, तळाशी कासव सोडलेलं, कठड्याच्या आत कोनाडे. वरच्या कोनाड्यांत कबुतरं, खालच्या ओल्या काळोखात वटवाघळं. वाकून हाक मारली की आवाज परत यायचा आणि थोड्या वेळानं एखादं पंखही फडफडायचं. आजी ओरडायची, “अगो, वाकू नकोस, पडशील!” वटवाघळाबद्दल ती काही बोलायची नाही. ते विहिरीचंच होतं.

विहीर जाते तिची एक ठरलेली रीत आहे. आधी नळ येतो. मग पाणी प्यायला वापरत नाहीत. मग निर्माल्य पडू लागतं. मग पोरं पडतील म्हणून जाळी बसते. मग जाळीवर स्लॅब पडतो. मग स्लॅबवर मोटारसायकली लागतात. बारवी धरण १९७० च्या दशकातलं; या भागातल्या कारखान्यांना आणि शहरांना त्याचं पाणी मिळू लागल्यावर विहिरींचं काम संपत गेलं. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा तो बऱ्याचदा अशाच एखाद्या स्लॅबवर उभा असतो.

९. ढोल

झाड म्हातारं झालं, की आतून पोकळ होतं. वड, पिंपळ, आंबा, चिंच. ढोलीत पिंगळा, पोपट, साळुंकी, मधाचं पोळं आणि काही जातींची वटवाघळं. बाहेर उघड्या फांद्यांवर लटकणारं मोठं वटवाघूळ निराळं. त्याचे पंख पसरले तर मीटरभराहून रुंद होतात. एकाच झाडावर शेकड्यांनी वस्ती, पिढ्यान्पिढ्या तेच झाड.

ढोल म्हणजे झाडाचा रोग, असं आता पालिकेला आणि सोसायटीला वाटतं. पावसाळ्याआधी ‘धोकादायक वृक्ष’ म्हणून त्याच झाडावर आधी करवत चालते. धोका खरा असतो. चालत्या रिक्षावर झाड कोसळल्याच्या बातम्या खोट्या नसतात. पण बहुतेक जातींची वटवाघळीण वर्षाला एकच पिल्लू देते. एका दुपारी तुटलेलं झाड त्या वस्तीला पुष्कळ वर्षं मागे नेतं. नव्यानं लावलेल्या सोनमोहराला ढोल धरायला जेवढी वर्षं लागतील, तेवढी इथली एकही इमारत टिकायची नाही.

१०. जांभळाच्या बिया

ही जागा नव्हे. अंधारात होणारं काम आहे, म्हणून घेतलं.

बदलापूरचं जांभूळ प्रसिद्ध. अलीकडे त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मे सरता सरता डोंगरातल्या पाड्यांवरून बायका टोपल्या घेऊन स्टेशनबाहेर बसतात, पानाच्या द्रोणात जांभळं विकतात. माणूस बी थुंकतो ती डांबरावर. वटवाघूळ फळ तोडतं, दुसऱ्या झाडावर नेऊन चोखतं आणि बी खाली टाकतं. वडाच्या, पिंपळाच्या, उंबराच्या बारीक बिया तर ते उडता उडताच शिटतं. अंगणात सकाळी चावलेले देशी बदाम पडलेले दिसत, त्या अर्थी रात्री कुणीतरी येऊन गेलेलं असे.

मानांकनाच्या अर्जात शेतकरी असतो, माती असते, पाऊसमान असतं. बी पेरणाऱ्याला रकाना नसतो.

११. वालधुनीवरचा काळोख

वालधुनी अंबरनाथजवळ काकोळ्याच्या डोंगरातून निघते आणि अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण करत खाडीला मिळते. हजार वर्षांपूर्वी देऊळ तिच्या काठी बांधावंसं वाटलं, म्हणजे पाणी तसं असणार. पुढे कारखान्यांचं सांडपाणी, उल्हासनगरच्या जीन्स धुण्या-रंगवण्याच्या कामांचा निळा रंग आणि गटारं. २०१४ च्या नोव्हेंबरात रात्री कुणीतरी नदीत रसायन ओतलं. काठच्या शेकडो लोकांना श्वास घ्यायला त्रास झाला, रुग्णालयं भरली. ओतणाऱ्यानं वेळ अंधाराची निवडली होती. अंधाराचा एवढा एकच उपयोग आता सर्वांच्या ध्यानात राहिला आहे.

नदीवर रात्री पाण्याला शिवून किडे टिपणारी वटवाघळं, ही स्वच्छ नदीची खूण. मेलेल्या पाण्यावर एका-दोन जातींचे डास मात्र मुबलक होतात. बाकी किड्यांची तऱ्हा संपते आणि शिकारीही पांगतात. मग पालिकेची धुराची गाडी येते.

१२. काडी

अंबरनाथला विमकोचा, म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा काडेपेटीचा कारखाना होता. १९२० च्या दशकातला, स्वीडनच्या कंपनीनं काढलेला. अंबरनाथच्या कित्येक घरांत चूल पेटायची ती आपल्याच माणसानं भरलेल्या पेटीतल्या काडीनं. आता ‘विमको नाका’ आहे. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं की पुरतं.

काडी या यादीत अंधाराच्या बाजूनं आहे. काडीचा उजेड हातभर असतो आणि लगेच विझतो. तिनं अंधार हटत नाही. पावलापुरती वाट मागून घेता येते. समई, कंदील, चिमणी, दिवटी या सगळ्यांचं अंधाराशी तसंच होतं. एलईडीचं तसं नाही.

१३. भारनियमन

२००५ नंतरची काही वर्षं वीज वेळापत्रकानं जायची. बदलापूर-अंबरनाथला कित्येक तास. गिरण चालवणारा, दवाखाना चालवणारा, दहावीचं मूल, सगळ्यांचे हाल. त्या काळाची आठवण काढून गहिवरणारा माणूस सापडणार नाही आणि सापडू नये.

तरी नोंद आहे ती अशी की संध्याकाळी सातच्या सुमाराला चाळीतली माणसं खुर्च्या बाहेर काढून बसत. डोळे सरावले, की डोक्यावरून सुळसुळ जाणाऱ्या पाकोळ्या दिसत. पोरं चप्पल वर फेकत. चप्पल किडा आहे की काय, असं वाटून पाकोळी तिच्यामागे सूर मारी आणि शेवटच्या क्षणी वळे. इन्व्हर्टर आले, वीजही नियमित झाली. पाकोळ्या आता रस्त्याच्या दिव्याभोवती फिरतात. काही जातींना हे मानवलं आहे, कारण किडे दिव्यापाशी आयते जमतात. उजेडाला बिचकणाऱ्या जाती तिथं दिसत नाहीत.

१४. वांगणीचं आकाश

बदलापूरच्या पुढचं स्टेशन. १९८० च्या दशकापासून मुंबईच्या खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे रात्रभराचे कार्यक्रम वांगणीला होत आले आहेत. अमावास्येजवळचा शनिवार धरायचा, शेवटच्या लोकलच्या आत पोचायचं, सतरंजी अंथरायची. हजारो मुंबईकरांनी आकाशगंगेचा पट्टा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो इथं, कर्जत लोकलचं रिटर्न तिकीट खिशात ठेवून.

वांगणी निवडली होती ती डोंगराच्या आडोशामुळे आणि अंधारामुळे. आता वांगणीतही टॉवर उठत आहेत. कल्याण-उल्हासनगरचा पिवळा-पांढरा उजेड वायव्येकडच्या क्षितिजावर चढत येतो. आकाशाला छप्पर नसतं, तरीही ते आमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या अंधाऱ्या जागांपैकी एक होतं. जाहिरातीत ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असं छापून फ्लॅट विकले जातात. त्यात आकाशाचा दर धरलेला नसतो.

१५. भीती

वटवाघूळ केसांत अडकतं. घरात शिरलं तर अपशकुन. दिवेलागणीनंतर मुलींनी केस मोकळे सोडू नयेत. त्याचं तेल सांध्यांना चोळतात. हे सगळं ऐकत आपण वाढलो. यातल्या तेलापायी वटवाघळं मारली गेली. बाकीच्या समजुतींनी उलट त्यांचं रक्षणच केलं, कारण भीतीनं माणूस गुहेत शिरत नसे, विहिरीत वाकत नसे, देवराईतल्या वडाला हात लावत नसे.

ती भीती गेली आणि दुसरी आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून वटवाघळं पकडून तपासली. काहींमध्ये निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आढळली, आणि २०२१ साली ती बातमी आली. करोनाचे दिवस होते. भीतीपोटी लोकांनी झाडं तोडायला लावली, वस्त्या हुसकावल्या, असं काही राज्यांत घडलं. हुसकावल्यानं वस्ती विखुरते आणि घाबरलेली, उपाशी वटवाघळं माणसाच्या आणखी जवळ येतात. जुनी भीती लांब राहायला सांगत होती. रोगाच्या दृष्टीनंही सल्ला तोच निघतो: गुहेत जाऊ नका, उष्टं फळ खाऊ नका, त्यांना हात लावू नका.

कायद्याचीही नोंद इथंच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होती, कावळे, उंदीर आणि घुशींच्या रांगेत. ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीनं गेली. पन्नास वर्षं लागली.

१६. कुलपातला अंधार

दोन जागा या पट्ट्याबाहेरच्या, ताळा पाहण्यासाठी.

पहिली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात. १९७४ साली गॅरी टेनेन आणि रँडी टफ्ट्स या दोन तरुणांना टेकडीतल्या एका भेगेतून दमट हवा येताना जाणवली. हवेला वटवाघळांचा वास होता. ते आत सरपटत गेले. चुनखडीची जिवंत गुहा, थेंब अजून पडत होते, दगड अजून वाढत होता. छतापासून लोंबणारी एक दगडी नळी एकवीस फुटांहून लांब, जाडी बोटाएवढीही नाही. दोघांनी कुणाला सांगितलं नाही. जमिनीच्या मालकांना विश्वासात घेतलं, तेही चार वर्षांनी. १९८८ साली राज्यानं जमीन विकत घेतली, तोवर गुपित टिकलं. कार्चनर कॅव्हर्न्स लोकांसाठी उघडली १९९९ साली. बाहेर वाळवंट रखरखीत आणि आत हवा ओलीचिंब. ती ओल बाहेर जाऊ नये म्हणून एकामागून एक बंद होणारी दारं बसवली. कपड्यांवरची धूळ आत जाऊ नये म्हणून आत शिरणाऱ्यांवर पाण्याचे तुषार सोडतात. आणि तिथलं सर्वांत मोठं दालन १५ एप्रिल ते १५ ऑक्टोबर बंद असतं. त्या काळात वटवाघळिणी तिथं पिल्लं वाढवतात.

दुसरी जवळची. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, मराठी बोलणाऱ्या तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा. तिथल्या एका वटवाघळाला १९१३ साली शास्त्रीय नाव मिळालं, ओटोमॉप्स राउटोनी. रुंद पुढं आलेले कान, पाठीवर काळी चकाकी. जवळपास शतकभर जगात एवढी एकच वस्ती ठाऊक होती. २००० च्या आगेमागे मेघालयात आणि कंबोडियात ती जात सापडली. २०११ साली भोवतालचं रान भीमगड अभयारण्य झालं. गुहेला झुंबरं नाहीत, दालनं नाहीत, तिकीट नाही. जंगलखात्याचा पहारा आहे.

एकीकडे माणसांना आत घेऊन अंधार जपला, दुसरीकडे माणसांना बाहेर ठेवून. दोन्हीकडे आधी कुणीतरी ठरवलं होतं, की अंधार ही इथली मालमत्ता आहे. आमच्याकडे गुहा पाण्यानं केली नाही, माणसानं केली. म्हणून ती निसर्गाच्या वहीत लिहिली जात नाही. आणि ती देऊळ, लेणं किंवा किल्ला नसेल, तर पुरातत्त्वाच्या वहीतही नाही. पडकी विहीर, सोडलेला बोगदा, बराकीचं आढं, वडाची ढोल यांना वहीच नाही.

१७. रकाना

वही मात्र एक आहे. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ सालचा. त्यानुसार वृक्ष प्राधिकरणानं दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची असते. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं. उल्हासनगरला महापालिका आहे, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरला नगरपरिषदा. गणना करणारा माणूस झाडापाशी जातोच. जात, घेर, उंची, अंदाजे वय टिपतो. त्याच कागदावर आणखी दोन रकाने आखायला फार खर्च नाही: ‘ढोल आहे काय’ आणि ‘वस्ती कुणाची’. विहिरींसाठी आणि पडक्या इमारतींसाठीही तसलाच एक कागद करता येईल. पाडकामाच्या परवानगीआधी तो भरून द्यायचा.

यानं काही वाचेलच असं नाही. पण जे पाडलं त्यात काय होतं, हे निदान पाडणाऱ्याच्या सहीनिशी लिहिलेलं राहील.